मेव्हण्याचा दोर

“दुपारच्याला?” गोमा निरगुड्यानं तोंडातली काडी बाजूला काढली. “साहेब, दुपारच्याला कड्यावरनं भूतबी उतरत नाय.”

“गॅस दुपारीच सुटतो गोमा. ऊन डोक्यावर आलं की.”

“झाडांना गॅस?”

“हो, झाडांना.”

चुलीपुढं त्याची बायको चांगुणा भाकऱ्या थापत होती. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मला राग आला. त्या दिवसांत मला कशाचाही राग यायचा. सत्तावीस वर्षांचा होतो, पीएचडीचं पाचवं वर्ष लागलेलं, शिष्यवृत्ती संपत आलेली. त्या कड्याकाठच्या ठाकरवाडीत तेवीस दिवस राहून नाचणीची भाकरी आणि पोरांची टिंगल दोन्ही पचवायला शिकलो होतो. “पानाला पिशवी घालणारा साहेब” असं माझं नाव पडलं होतं. पडणारच की! मी खरोखरच जिवंत फांद्यांना पारदर्शक पिशव्या बांधत होतो आणि तिथंच दिवसभर राखण करत बसत होतो.

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जंगलातली झाडं भर उन्हात पानांतून एक वायू सोडतात. आयसोप्रीन. तो दिसत नाही, वासही जवळजवळ नाही, पण सोडतात अफाट. आता हवेत एक साबण असतो असं समजा. शास्त्रात त्याचं नाव हायड्रॉक्सिल. त्याचा जीव सेकंदभराचा, पण तेवढ्यात तो हवेतली घाण धुऊन काढतो. गणित असं सांगायचं, की झाडांच्या वायूनं हा सगळा साबण खाऊन संपवायला हवा आणि मोठ्या रानावरची हवा मळकट व्हायला हवी. ती काही होत नाही. का होत नाही? आमच्या हर्डीकर सरांचा अंदाज होता, की धुतला जाताजाता हा वायूच थोडा साबण परत देतो. ते सिद्ध करायचं तर एकाच दुपारी खाली पानांजवळची हवा हवी आणि वर, रानाच्या शेंड्यांपासून तीस-चाळीस हात उंचावरची हवा हवी. दोन्हींची तुलना केली की मधल्या वाटेत किती धुलाई झाली ते निघतं.

खालची हवा मला मिळाली होती. वरचीसाठी कडा होता. रानातनं तापून उठलेली हवा त्या कड्याला घासत वर यायची. हवा ओढून काचेच्या नळीत साठवणारी पंपाची पेटी मी दोराला बांधून नुसतीच खाली सोडून पाहिली दोनदा. दोन्ही वेळा वाऱ्यानं ती कातळावर आपटली आणि काचेच्या नळ्यांचा चुरा झाला. आता एकच नळी शिल्लक होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला न्यायला गाडी येणार होती. ती नळी रिकामी घेऊन गेलो असतो, तर पाच वर्षं पाण्यात.

“पेटी हातात धरून कुणीतरी वीस मिनिटं लटकलं पाहिजे,” मी म्हणालो. “तू मधासाठी उतरतोसच.”

“उतरतो. पन औंदा नाय उतरलो.” गोमानं काडी परत तोंडात घातली. “दोर धरायला मेव्हणा नाय.”

मग त्यानं मला त्यांची रीत सांगितली. मध काढायला माणूस कड्यावरनं खाली सुटला, की वर झाडाला दोराचे वेढे आणि मागं ओढायला दोन गडी असतात. पण कड्याच्या तोंडाशी बसून दोरावर हात ठेवतो तो उतरलेल्याच्या बायकोचा भाऊच. खालून एकदा ओढ आली की सोड, दोनदा आली की थांब, तीनदा आली की वर घे. ती ओढ फक्त त्याच्या हाताला कळते. त्यानं हाळी दिल्याशिवाय मागचे गडी बोटसुद्धा हलवत नाहीत.

“सख्खा भाऊ का नाही धरत?” मी विचारलं.

“भावाभावांत बांध असतोय, वाटा असतोय,” गोमा हसला. “मेव्हण्याच्या हातात त्याच्या बहिनीचं कुकू असतंय. त्यो कसा सोडंल?”

चांगुणाचा भाऊ त्या साली वीटभट्टीवर गेला होता, होळीला येतो म्हणाला आणि आलाच नव्हता. विषय तिथंच संपला. मी उठलो. मनातून रीतीला आणि मेव्हण्याला दोघांनाही शिव्या हासडत होतो.

“बसा,” चांगुणा म्हणाली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. तव्यावरची भाकरी उलटून तिनं नवऱ्याकडं पाहिलं. “हा धरंल दोर.”

“कोन? ह्यो?” गोमाची काडीच पडली. “ह्याला धोतराची गाठ मारता यायची नाय.”

“गाठ तुमी मारा. राखायचं काम ह्यो करंल. तेवीस दिस बघतीय मी. पानाला पिशवी बांधतो आन् उनात बसतो. उठत नाय, बिडी वडत नाय, डोळा लावत नाय. पानाला एवढं राखतो त्यो मान्साला नाय राखनार?”

संध्याकाळी वाडीतली पाच माणसं बोलावली गेली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं सरळच विचारलं, “चांगुने, वाडीतला नको आन् ह्यो पुन्याचा बामन कशापायी?”

“भाऊ माझा हाय, मी निवडीन. चुकला तर माझ्या कपाळाला,” ती म्हणाली.

तिनं माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, हातात गुळाचा खडा ठेवला, आणि मी माझ्या बॅगेतला कोरा टॉवेल तिला दिला. चोळीचा खण कुठून आणणार तिथं? त्यावर सगळी वाडी खदाखदा हसली. मीही हसलो. मला ते सगळं नाटक वाटत होतं, खरं सांगतो. काम होतंय ना, मग धर्माचा भाऊ तर धर्माचा भाऊ! पण झोपायला निघालो तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, उद्या पोटभर खाऊन जा हां, उपाशी मान्साच्या हाताला कळत नाय,” आणि का कोण जाणे, मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सकाळी आली, तिला मी थांबवून ठेवलं. बारा वाजता आम्ही कड्याच्या तोंडाशी होतो. बाईमाणसानं तिथं यायचं नसतं, म्हणून चांगुणा नव्हती.

गोमानं अंगाभोवती घोंगडी गुंडाळली, पेटी छातीशी बांधली, एकदा कान लावून पाहिला.

“ही गुनगुनती काय?”

“थोडीशी. पंप आहे आत.”

“पोळी डाव्या अंगाला हायेत. आपन उजव्या अंगानं उतरू.” तो थांबला. “आग्या माश्या हायेत भाऊ. तिनदा ओढलं की ईचार करायचा नाय.”

“नाही करणार.”

तो गेला. दोर माझ्या तळहातातून सरकत राहिला, मग दोनदा ओढ आली, मी हात वर केला, मागचे गडी थांबले. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून अठरा मिनिटं.

त्या दुपारबद्दल मी किती वेळा विचार केला असेल त्याला गणती नाही, आणि तरी ती मला नीट जागेपणी झाल्यासारखी आठवत नाही. खाली रान पसरलं होतं, चैत्रातली पालवी, तांबूस, पोपटी, कुठं नुसती पिवळी. त्याच्यावर निळसर धुरकट थर होता. तो धूर नव्हे, झाडांनीच सोडलेलं हवेत मुरून तसं दिसतं, हे मी वर्षानुवर्षं शिकलो होतो. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्या तरी श्वासासमोर बसलोय. गरम हवा तोंडावर यायची, थांबायची, परत यायची. पानांचा, तापल्या मातीचा, कसलातरी गोडसर वास. डोळे उघडे होते आणि झोप लागल्यासारखं झालं होतं. मागचे दोघं गडी कड्याकडं पाठ करून तंबाखू मळत होते. त्यांचं हळू आवाजातलं बोलणं फार लांबून यायचं. हातातला दोर गोमाच्या श्वासाबरोबर हलायचा आणि मला वाटायचं रानच तो हलवतंय. मी सुखात होतो हो! आयुष्यात तेवढा सुखात नंतर कधी नव्हतो. माझ्या बहिणीचा नवरा त्या निळ्या हवेत टांगलाय, त्याच्या छातीशी माझी नळी एकेक घोट पितेय, आणि मी दोघांनाही धरून बसलोय, असं काहीबाही मनात चाललं होतं.

बारा बत्तीसला दोर ओढला गेला. तीनदा.

मला कळलं. उगाच खोटं कशाला बोलू? झोप नव्हती, गुंगी नव्हती, वारा नव्हता. एक, दोन, तीन, स्वच्छ. माझं तोंड हाळी द्यायला उघडलं आणि नजर घड्याळावर गेली. चौदा मिनिटं. वीस हवी होती. चौदा मिनिटांत नळीत पुरेसं जमत नाही, यंत्र ते वाचूच शकत नाही. मी स्वतःला म्हणालो, हात अवघडला असेल. एखादी माशी आली असेल. हे रानचे लोक, सहा मिनिटांनी काय होतंय!

मी तोंड मिटलं.

बारा चौतीसला परत तीन ओढी आल्या. या वेळी इतक्या जोरात की हाताची साल निघाली. हाक मात्र आली नाही. माश्या तोंडावर असल्या की माणूस तोंड उघडत नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी उलट धरून चाललो, की ओरडत नाही म्हणजे ठीक आहे. दोर थरथरत होता. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला, मागच्या गड्यांना दिसू नये म्हणून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी तो अंगाखाली दाबून धरला.

बारा अडतीसला मी हाळी दिली.

घोंगडीचा गोळा वर आला तो माश्यांनी काळा झालेला. गड्यांनी पाला पेटवला, धूर केला. त्या धुरातही मला पिकल्या केळ्यांचा वास येत होता, अगदी घरात घड टांगलेला असावा तसा. कड्यावर केळी कुठून, असं मूर्खासारखं वाटून गेलं. गोमाचे डोळे सुजून मिटले होते, ओठ फुगले होते, बोटं वांग्यासारखी झाली होती. पण पेटी छातीशी जशीच्या तशी होती. त्यानं ती सोडली नव्हती. पंप अजून गुणगुणत होता.

मला न्यायला आलेली गाडीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली, ते एक बरं झालं. तीन दिवस तो तापात होता. डॉक्टर म्हणाले शंभराच्या वर डंख आहेत, घोंगडीनं वाचला. चांगुणा त्याच्या पायाशी बसली होती. वाडीतले ते पाचहीजण आले होते. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे किलकिले केले, तेव्हा सगळ्यांच्या देखत तो म्हातारा माझ्याकडं वळला.

“आरं, दोर हलला व्हता का?”

चांगुणा माझ्याकडं पाहत होती. मी बोलणार होतो. काय बोलणार होतो ते मलाही ठाऊक नाही.

“नाय,” गोमाच म्हणाला. शब्द त्या फुगल्या ओठांतून कसेबसे निघत होते. “नाय वढला म्या. हातच… चालं ना.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. चांगुणानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, “भाऊ, तू जेवला नायस कालपासून.”

संध्याकाळी खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी त्याच्या खाटेला डोकं टेकून रडलो. आवाज न करता रडायचा प्रयत्न करत होतो, तेही जमेना.

“गोमा, तू खोटं का बोललास? तू ओढला होतास. सहा वेळा.”

“गप.”

“मी सांगतो सगळ्यांना.”

“काय सांगशील?” त्याचा आवाज एकदम कडक झाला. “तुला हलकं वाटंल. आन् तिचं? पाच मान्सांत उभी राहून बोलली ती, भाऊ मी निवडीन. नवऱ्याचा दोर तिनं दिला तुझ्या हातात. जल्मभर सोताला खाईल. तुझ्यासाठी नाय बोललो मी खोटं, समजलं ना? आता दिवाळीला यायचं. भाऊबीज चुकवायची नाय. तिला कायबी कळता कामा नाय.”

नळी प्रयोगशाळेत गेली. नमुना उत्तम होता. साबण परत मिळत होता, सरांचा अंदाज खरा निघाला. फक्त आलेखात आयसोप्रीनपासून दूर, एका जागी एक उंच टोक उभं होतं.

“हे काय?” सरांनी विचारलं. “हे कुठल्याही झाडाचं नाही.”

मी पुस्तक काढून पाहिलं. आग्या माशी डंख मारते तेव्हा बाकीच्या माश्यांना बोलवायला एक गंध सोडते. मोहोळच्या मोहोळ त्या वासावर येतं. माणसाच्या नाकाला तो पिकल्या केळ्यासारखा लागतो. किती मिनिटं तो गंध नळीत शिरत राहिला होता, हे टोकाच्या उंचीवरून साधारण काढता येत होतं. मी काढलं नाही.

“माश्यांचं आहे,” मी म्हणालो.

“मग छापताना काढून टाक. आपल्या विषयाशी संबंध नाही.”

मी काढून टाकलं. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. त्या शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात आभार आहेत: श्री. गोमा निरगुडा, नमुना संकलन. तो परत कधी कड्यावर उतरला नाही. नंतर एकच माशी चावली तरी त्याचा गळा सुजायचा. मध काढणारा माणूस दुसऱ्यांची गुरं राखायला लागला.

सतरा भाऊबिजा मी केल्या. साडी घेऊन जायचो, चांगुणा ओवाळायची, गोमा दारात बसून पाहायचा आणि डोळ्यांनीच मला धाक घालायचा. ओवाळून झालं की तो खुशीत यायचा, माझ्या पाठीवर थाप मारायचा. तिचा सख्खा भाऊ भट्टीवरनं कधी परतलाच नाही. त्यामुळं मला वाटायचं, चला, एवढं तरी माझ्या हातून होतंय. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

यंदा पोळ्याच्या आधी गोमा गेला, छातीच्या दुखण्यानं. मला कळलं ते पंधरा दिवसांनी. दिवाळीत वर्षाचं सुतक आहे हे ठाऊक असूनही मी भाऊबिजेला गेलो, कारण आता सांगायचं ठरवलं होतं. ज्याच्या शब्दाखातर गप्प होतो तोच राहिला नव्हता.

चांगुणा ओट्यावर नाचणी पाखडत होती. केस पांढरे झाले होते. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. चौदा मिनिटं, तीन ओढी, परत तीन, अंगाखाली दाबलेला दोर, सगळं. तिचं सूप थांबलं नाही.

“ठाऊक हाय,” ती म्हणाली.

“गोमानं सांगितलं?”

“त्यांनी? मरंस्तवर नाय. खाली रानात व्हते मी. बाईनं वर यायचं नाय, खाली जायला कोन आडीवतंय? शेंड्यांच्या वर लटाकलेले दिसत व्हते. माश्या आल्या तेबी दिसलं, दोर तिनदा वढला तेबी दिसलं. मंग परत. मी वरडत व्हते. कड्यापतूर आवाज गेला नाय.”

“मग सतरा वर्षं… मला ओवाळलंस कशी तू?”

तिनं सूप खाली ठेवलं.

“ह्यांना वाटायचं, मला कायबी ठाऊक नाय. तेवढं एक त्यांनी माझ्यासाठी केलं व्हतं. कडा गेला, मध गेला, पन भाऊबिजेच्या दिशी तुला ओवाळलं की त्यांचं तोंड कसं व्हायचं, बघितलंस ना तू? त्यासाठी ओवाळत व्हते.” ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “आता ते नायीत.”

मी आणलेली साडी माझ्या मांडीवर तशीच होती. चांगुणानं साडीकडं पाहिलंही नाही. आत गेली. ताटाचा आवाज आला, चुलीत फुंकर घातल्याचा आवाज आला.

“जेवून जावा,” आतून ती म्हणाली. “आमच्या दारातनं कुनी उपाशी जात नाय.”

मी हात धुतले आणि जेवायला बसलो.